हिमालयाच्या कड्यांवरील मध : गुरुंग लोकांची मध काढण्याची रीत

आग्या माशीचे मोहोळ आपल्या शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाचे आहे. वडा-पिंपळाच्या उंच फांदीला, जुन्या पुलाच्या कमानीला अथवा सह्याद्रीच्या एखाद्या कपारीला लोंबणारे ते काळसर पोळे दिसले, की गुरे वळविणारा पोरगाही आवाज न करता वाट बदलतो. ह्या आग्या माशीची एक थोरली बहीण हिमालयात राहते. आकाराने ती हिच्याहून मोठी, स्वभावाने तितकीच तापट. आणि घर बांधण्यास जागा निवडते ती अशी, की जेथे माणसास पाऊल टेकावयासही आधार नसतो. नेपाळातील गुरुंग लोक पिढ्यान् पिढ्या ह्या माशीच्या पोळ्यांतून मध काढीत आले आहेत. दोराच्या शिडीवर लोंबकळत, धुरात व माश्यांच्या गराड्यात होणारे ते काम पाहण्यासाठी आज देशोदेशींचे लोक तेथे जातात. पाहणारा बहुधा त्या धाडसानेच दिपून जातो. परंतु ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी त्या धाडसापलीकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. पोळ्याचा कोणता भाग कापला जातो, केव्हा कापला जातो आणि कापण्याचा अधिकार कोणाचा, ह्यांवर ती माशी पुढील वर्षी त्या कड्यावर परतणार की नाही, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

ह्या माशीस शास्त्रीय भाषेत एपिस लॅबोरिओसा असे नाव आहे. फ्रेडरिक स्मिथ ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८७१ साली तिचे प्रथम वर्णन केले. पुढे पुष्कळ काळ ती आपल्या आग्या माशीचीच, म्हणजे एपिस डॉर्सेटाचीच, डोंगरी जात समजली जात असे. १९८० मध्ये साकागामी ह्या जपानी शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगळी जात असल्याचे प्रतिपादन केले. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अरुणाचल प्रदेशात ह्या दोन्ही माश्या एकाच परिसरात राहूनही आपापले वेगळेपण राखून असतात असे दाखविण्यात आले. तिची कामकरी माशी तीन सेंटिमीटरपर्यंत लांब असते. मधमाश्यांत हिच्याहून मोठी जात जगात नाही.

आपली सातेरी माशी झाडाच्या ढोलीत अगर वारुळात, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते; म्हणूनच तिला पेटीत आणून पाळता येते. कड्यावरच्या ह्या माशीचे तसे नाही. ती उघड्यावर, कड्याच्या पुढे आलेल्या खडकाखाली, एकच मोठे पोळे बांधते. असे कडे बहुधा दक्षिणेकडे तोंड करून, खाली पाणी वाहत असेल अशा घळीत असतात. समुद्रसपाटीपासून अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर तिची वस्ती विशेष आढळते, आणि फुलांच्या शोधात ती ४,१०० मीटरपर्यंतही चढते. एक पोळे दीड मीटरपर्यंत रुंद असू शकते व त्यात ६० किलोपर्यंत मध भरल्याची नोंद आहे. एकाच कड्यावर अशी पाच-पंचवीस पोळी शेजारीशेजारी असतात. त्यांवर माश्यांचा थर पसरलेला असतो. एखादी गांधीलमाशी जवळ आली, की माश्या ओळीने आपली पोटे उचलतात व पोळ्यावरून काळी लाट सरकल्यासारखी दिसते. भरल्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जावी तसा तो देखावा असतो.

पोळ्याची रचना येथे नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारा विषय तिच्याशी बांधलेला आहे. खडकाला चिकटलेला वरच्या बाजूचा जाड भाग हा मधाचा. त्याच्या खाली पसरलेला पातळ भाग हा अंडी, अळ्या व कोष यांचा, म्हणजे माशीच्या संसाराचा. आग्या मोहोळातही हीच व्यवस्था असते. मध आणि पिल्ले एकाच पोळ्यात असली तरी त्यांची सरमिसळ नसते. ज्याला डोळे आहेत त्याला एक सोडून दुसरे कापता येते.

ही माशी एका जागी वर्षभर राहत नाही. बेंजामिन अंडरवुड ह्या अमेरिकन संशोधकाने नेपाळात तिच्या हालचालींचा अभ्यास करून १९९० साली तो प्रसिद्ध केला. थंडी पडू लागली, की माश्या कड्यावरील पोळी सोडतात आणि खालच्या उंचीवरील जंगलात जाऊन, पोळे न बांधता, नुसत्या एकमेकींस बिलगून घोसाने हिवाळा काढतात. वसंत ऋतू आला, की पुन्हा वर कड्यांकडे येतात आणि बहुधा जुन्याच कड्यांवर नवी पोळी बांधतात. तेव्हा गुरुंग मनुष्य ह्या माशीचा पाळणारा नव्हे. त्याने तिला पेटी दिलेली नाही, हिवाळ्यात साखरपाणी पाजलेले नाही. ती आपल्या इच्छेने येते आणि आपल्या इच्छेने जाते. त्याच्या हाती एवढेच, की ती आलेली असताना तिच्याशी कसे वागावयाचे.

गुरुंग लोक स्वतःस तमु म्हणवितात. अन्नपूर्णा पर्वताच्या दक्षिण उतारावर, लमजुंग, कास्की, गोरखा इत्यादी जिल्ह्यांत त्यांची दगडी घरांची गावे आहेत. लमजुंगातील घलेगाव, भुजुंग व घनपोखरा ही त्यांपैकी नावाजलेली होत. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते करून भात, मका व कोदो पिकवावयाचा, उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांत जावयाचे, आणि घरटी एखाद्या मुलाने गोरखा पलटणीत भरती व्हावयाचे, असा त्यांचा परंपरागत जीवनक्रम आहे. (नेपाळी भाषेत कोदो म्हणजे आपली नाचणी, कोद्रा नव्हे. आपल्या कोकणातील वरकस जमिनीवर नाचणी करणाऱ्या शेतकऱ्यास त्या शेतांत फारसे परके वाटावयाचे नाही.) मध काढणे हा त्यांचा मुख्य धंदा नाही. शेतीतून सवड काढून, वर्षातून दोन वेळा, गावातील मोजक्या माणसांनी करावयाचे ते काम आहे : एकदा वसंताच्या अखेरीस आणि एकदा शरद ऋतूत, पीक हाताशी येण्याच्या सुमारास.

तयारीस बरेच दिवस लागतात. कड्यावर उतरण्याची शिडी बांबूच्या चिवट्या पिळून केलेल्या जाड दोरांची असते. तिला परांग म्हणतात. दोन दोरांमध्ये हातभर अंतरावर लाकडी दांडके घट्ट बसविलेले असतात. कड्याची उंची आपल्या विहिरीप्रमाणे पुरुषांत मोजावयाची म्हटली, तर तीस-चाळीस पुरुष सहज भरते. तेवढी शिडी वळणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. जुनी शिडी पुन्हा वापरावयाची असल्यास तिचा प्रत्येक पीळ तपासून पाहतात. याशिवाय लांबच लांब बांबू, त्यांच्या टोकाला बांधावयाची धारदार पाती, मध झेलण्याची आतून कातडे लावलेली टोपली व तिचे दोर असे सामान असते. हे सर्व पाठीवर घेऊन, जेथे गुराचीही पायवाट नाही अशा जंगलातून दहा-पंधरा माणसे कड्यापर्यंत येतात.

काम सुरू करण्यापूर्वी कड्याच्या देवतेची पूजा होते. फुले, फळे व तांदूळ वाहतात, कोंबडे अगर मेंढरू बळी देतात व सर्वांना सुखरूप खाली येऊ द्यावे, अशी प्रार्थना करतात. शहरातून आलेल्या पाहुण्यास हा भाग काढून टाकण्यासारखा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कड्यावर चढावयास देवतेची परवानगी लागते, त्या कड्यावर वाटेल त्या दिवशी वाटेल त्याने जाऊ नये, हा नियम त्यातून आपोआप पाळला जातो, हे विसरून चालणार नाही. कागदावर लिहिलेल्या कायद्याहून असा नियम पुष्कळदा अधिक काळ टिकतो.

पूजा आटोपली, की कड्याच्या पायथ्याशी ओल्या पाल्याचा मोठा ढीग करून तो पेटवितात. ज्वाळा नको असतात. धूर हवा असतो. पांढरट दाट धूर खडकाच्या अंगाने वर सरकत पोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि मग जे घडते ते दरीच्या पलीकडल्या उतारावर उभे राहून पाहणाऱ्यास प्रथम उमगत नाही. कड्यावरचा काळा डाग पांढरा होतो. पोळ्यावर थराथराने बसलेल्या हजारो माश्या एकदम उठलेल्या असतात, आणि त्यांच्याखाली झाकलेले मेणाचे फिके पोळे उघडे पडलेले असते. सारी दरी एका जड घुमण्याने भरून जाते. ह्या वेळी पाहणाऱ्याने चांगले अंतर राखून, स्तब्ध उभे राहावे, हे उत्तम. गडद कपडे व अंगाला लावलेली अत्तरे ह्या दोन्ही गोष्टी माशीच्या क्रोधास कारण होतात. आणि एक दंश झाला, की त्या जागेच्या वासाने इतर माश्या तेथेच धाव घेतात.

आता मुख्य मनुष्य शिडीवरून उतरू लागतो. कमरेला एक दोर, अंगावर जाडसे कपडे, डोक्याभोवती फडके अगर टोपीवरून सोडलेली जाळी, आणि हात-पाय पुष्कळदा उघडेच. शिडी कड्याला लागून नसते. खडक वर पुढे आलेला असल्याने ती मोकळ्या हवेत हेलकावे खात असते. एका पायाने अगर मांडीने शिडीला विळखा घालून तो दोन्ही हात मोकळे करतो. वरून सोडलेले लांब बांबू हातात घेऊन, त्यांच्या साह्याने पोळ्यापर्यंत पोहोचावयाचे असते. वरच्या मंडळींना तो दिसत नाही. खाली धुराजवळ उभ्या असलेल्यांना दिसतो, पण त्यांचा आवाज वरपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून मध्ये एखाद्या कपारीवर बसलेला गडी हाका मारून दोन्हीकडचे निरोप पोहोचवितो. शिडीवरील मनुष्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात खरे; पण कड्याच्या माथ्यावर झाडाच्या बुंध्याला दोर गुंडाळून तो हातहात सोडणारी जी दोन-तीन माणसे असतात, त्यांच्या हातात त्याचा जीव असतो. पाहणाऱ्यास ती बहुधा दिसतही नाहीत.

प्रथम तो पोळ्याचा खालचा, पिल्लांचा भाग पात्याने कापून सोडतो. तो भाग गरगरत दरीत पडतो आणि खालची माणसे तो गोळा करतात. त्यातून मेण निघते, व काही ठिकाणी त्यातील अळ्या खातातही. मग खडकाला चिकटलेला मधाचा जाड भाग उरतो. तो तसाच कापला तर दरीत पडून फुकट जाईल. म्हणून दोराला बांधलेली लाकडाची खुंटी बांबूच्या टोकाने त्या भागात आरपार खुपसून अडकवितात, अथवा खाली टोपली धरून ती दुसऱ्या बांबूने खडकाशी दाबून ठेवतात; आणि मग पोळ्याची खडकापासूनची जोड हळूहळू तासून सोडवितात. एका हाताने टोपली रेटावयाची, दुसऱ्याने पाते चालवावयाचे आणि अंगावर बसलेल्या माश्यांकडे लक्ष द्यावयाचे नाही! टोपली भरली, की दोराने ती खाली सोडतात. एका पोळ्याला तास-दीड तास सहज लागतो. हे सर्व १९८० नंतरच्या दशकात एरिक वाली व डायान समर्स ह्या छायाचित्रकार-लेखक जोडीने बारकाईने टिपले. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या नोव्हेंबर १९८८ च्या अंकामुळे ते जगभर पोहोचले. मनुष्याने मध काढण्याची सर्वांत जुनी चित्रे स्पेनमधील बिकोर्प येथील गुहेत आणि आपल्याकडे पचमढी व भीमबेटका येथील शैलाश्रयांत आहेत. त्या चित्रांतील शिडीवरचा मनुष्य आणि लमजुंगच्या कड्यावरचा मनुष्य ह्यांच्या हातातील साधनांत फार थोडा फरक पडला आहे.

खाली आलेला मध फडक्यातून अगर बांबूच्या चाळणीतून गाळतात. मग वाटणी होते. शिडीवर उतरणाऱ्यास, दोर धरणाऱ्यांस, धूर करणाऱ्यांस ठरल्याप्रमाणे हिस्सा मिळतो आणि गावातही मध पोहोचतो. मेण कढवून वड्या पाडतात. काठमांडूजवळील पाटण येथे धातूच्या मूर्ती ओतण्याचा जो प्रसिद्ध व्यवसाय आहे, त्यात मूर्तीचा साचा मेणाचा करावा लागत असल्याने मेणाला तेथे पूर्वापार मागणी आहे.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक वाटते. ह्या पद्धतीचे वर्णन करताना पुष्कळ लेखक तिला निसर्गाशी एकरूप झालेली, निर्दोष पद्धत ठरवून मोकळे होतात. तसे म्हणता येत नाही. पिल्लांचा भाग प्रथम कापून टाकावयाचा म्हणजे त्या वसाहतीची येणारी पिढी नाहीशी करावयाची. उडालेल्या माश्या परत येतात, राणी जिवंत असली तर पुन्हा पोळे बांधतात, हे खरे. परंतु त्यासाठी त्यांना सर्व आरंभ पुन्हा करावा लागतो. असे असूनही शेकडो वर्षे माशी टिकली, ह्याचे कारण पद्धतीच्या सौम्यपणात नसून तिच्या अवघडपणात आहे. कडे दुर्गम, उतरण्याचे धाडस असलेली माणसे थोडी, हंगाम वर्षातून दोनच, शिडी एकाच जागी सोडता येत असल्याने पुष्कळ पोळी हाताबाहेरच राहणार, आणि कड्यावर हक्क गावाचा असल्याने दुसऱ्याने येऊन उरलेले कापून नेण्याचे भय नाही. एवढी बंधने एकत्र असली, की जोराने कापणाऱ्या हातालाही मर्यादा पडते. ती बंधने आता एकामागून एक सैल होत आहेत, हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

त्याचे एक कारण तांबड्या मधात सापडते. वसंतात उंचावरील जंगलांत लाली गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडे लाल फुलांनी बहरतात. त्यांपैकी काही जातींच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य असते. माशीला त्याने अपाय झालेला दिसत नाही. मात्र ते द्रव्य मधात उतरते. असा मध प्रमाणाबाहेर खाल्ला असता घेरी येते, ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो व मनुष्य काही तास आडवा पडतो. बहुतेक रोगी एक दिवसात बरे होतात, परंतु नाडी फारच मंदावल्यास रुग्णालयात ॲट्रोपिन व सलाइन द्यावे लागते. इ. स. पू. ४०१ मध्ये काळ्या समुद्राकाठी असाच मध खाऊन झेनोफोनचे ग्रीक सैनिक झिंगून पडल्याचे त्याने लिहून ठेविले आहे, तेव्हा ही गोष्ट जगाला नवी नाही. गुरुंग लोक हा मध औषध म्हणून, तोही चमचाभरच, घेतात. शरद ऋतूतील मधात हा दोष नसतो व तोच घरी खाण्यासाठी ठेवतात.

जपान, कोरिया व हाँगकाँग येथील व्यापाऱ्यांना हा तांबडा मध औषधी म्हणून हवा असतो. दक्षिण कोरियाने २००५ साली त्याच्या आयातीस बंदी घातली, तरी मागणी संपली नाही. पुढे चित्रफितींमधून 'वेडा मध' म्हणून त्याची प्रसिद्धी झाली आणि केवळ नशेच्या कुतूहलाने तो मागविणारे गिऱ्हाईक पाश्चात्त्य देशांतही निर्माण झाले. साध्या मधाच्या अनेकपट भाव ह्याला मिळतो. ज्या गावात रोख पैसा बहुतांशी पलटणीतून अगर आखाती देशांतून येतो, त्या गावाने हा भाव नाकारावा, अशी अपेक्षा करणे सोपे नाही. आणि ती करणारे आपण कोण, हाही प्रश्न आहेच. पण भाव वाढला, की पूर्वी न काढता सोडलेले पोळे सोडवत नाही, आणि हंगामाच्या दिवसांपेक्षा गिऱ्हाइकाचे दिवस महत्त्वाचे ठरू लागतात.

दुसरे कारण हक्काचे. नेपाळात १९५७ साली खाजगी जंगलांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर कड्यांवर गावाचा हक्क रूढीने चालत राहिला, तरी कायद्याने तो तितका भक्कम राहिला नाही. काही भागांत कड्यावरील मध काढण्याचा ठेका बाहेरच्या ठेकेदारास देण्याची प्रथा सुरू झाली. ठेकेदाराचा संबंध त्या कड्याशी ठेक्याच्या मुदतीपुरता असतो. त्याने यंदा सर्व पोळी उतरविली आणि पुढच्या वसंतात माश्या कमी आल्या, तर त्याचे काही बिघडत नाही. तो दुसरा कडा घेईल. गावाला मात्र तोच कडा जन्मभर पुरवावयाचा असतो, आणि त्याच माश्यांनी त्याच्या फापराला, मोहरीला व सफरचंदाला फळधारणा करून द्यावयाची असते. गव्हाच्या पेंढ्यांपेक्षा बियाण्याची पिशवी आधी विकणारा शेतकरी आपण कसा समजतो, ते सर्वांस ठाऊक आहे. बाहेरच्या ठेकेदारास मात्र ते बियाणे आहे, हेच दिसत नाही.

तिसरे कारण म्हणजे पाहावयास येणारे आपल्यासारखे लोकच. गेल्या काही दशकांत मध काढण्याचा सोहळा दाखविण्यासाठी सहली निघू लागल्या आहेत. त्यातून वाटाड्यांना, हमालांना, पाहुण्यांना घरी ठेवणाऱ्या कुटुंबांना चार पैसे मिळतात, हा मोठाच लाभ आहे. कारण तरुण मुले गाव सोडून जात असल्याने शिडीवर उतरावयास शिकणारा गडी मिळणे कठीण झाले आहे. परंतु पाहुण्याच्या सोयीसाठी हंगाम सोडून पोळे कापले गेले, तर त्यात मध थोडा आणि पिल्ले फार असतात. माश्यांचा संसार मोडतो, आणि हाती येते ते एक छायाचित्र. तेथे जाणाऱ्याने निघण्यापूर्वी वसंताचा अगर शरदाचा खरा हंगाम चालू आहे काय, गावकरी आपल्या दिवशी आपल्या कड्यावर जात आहेत काय, एवढे विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी असल्यास गाव पाहून, नाचणीची शेते पाहून परत यावे. त्यात गावाचेही उत्पन्न बुडत नाही.

ह्या सर्व प्रश्नांकडे काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राने, म्हणजे ईसीमोड संस्थेने, लक्ष दिले. तिच्या अभ्यासकांनी कास्की जिल्ह्यातील कडे पाहून २००३ साली त्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि वसाहती घटत असल्याबद्दल इशारा दिला. दरडी कोसळणे, जंगलतोड, रस्ते व धरणे ह्यांमुळे होणारी कड्यांची मोडतोड आणि अविचाराने मध काढणे, अशी कारणे अभ्यासक सांगतात. गुरुंग प्रदेशाचा मोठा भाग १९८६ साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्पात येतो. ७,६२९ चौरस किलोमीटरच्या ह्या क्षेत्रात गावसमित्यांच्या हाती बराच कारभार दिलेला आहे. कड्यावरील काही पोळी मुद्दाम सोडावीत, पिल्लांचा भाग शक्य तेथे राखावा, आणि किती पोळी उतरवावयाची हे कड्याजवळच्या गावाने ठरवावे, अशा सूचना तेथे पुढे आल्या आहेत. त्यांपैकी पहिली व तिसरी गावाच्या मनात येईल तेव्हा अमलात येण्यासारखी आहे. दुसरी कठीण आहे. हेलकावणाऱ्या शिडीवरून, दहा हात लांबीच्या बांबूच्या टोकाने, खालचा भाग न दुखविता वरचा तेवढा कापून घ्यावयाचा, हे सांगणाऱ्यास वाटते तितके सोपे नाही.

आपल्याकडील आग्या मोहोळाच्या बाबतीत मात्र ही दुसरी सूचना पुष्कळ सोपी आहे, म्हणून तिचा येथे विशेष उल्लेख करीत आहोत. आपल्या डोंगराळ व जंगली मुलुखात आग्या मोहोळाचा मध काढणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. रात्री पलिता लावून माश्या जाळावयाच्या आणि सबंध पोळे उतरवून ते हाताने पिळावयाचे, ही रीत अनेक ठिकाणी चालत आली आहे. त्यात हजारो माश्या मरतात, जंगलास आग लागण्याचे भय असते, आणि अळ्यांचा रस मिसळलेला मध लवकर आंबून त्यास भाव मिळत नाही. वर्धा येथील सेंटर फॉर बी डेव्हलपमेंट ह्या संस्थेने व तिचे डॉ. गोपाळ पालीवाल ह्यांनी ह्याऐवजी माशी व पोळे राखून मध काढण्याची पद्धत आदिवासी बांधवांना शिकविली आहे. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून ह्या क्षेत्रात कार्य करीत आहे.

ही पद्धत थोडक्यात अशी आहे. काम दिवसा करावे. अंगभर जाड पोशाख, हातमोजे व तोंडावर जाळी असल्याशिवाय कोणीही झाडावर चढू नये, आणि वर चढलेल्याच्या कमरेचा दोर खालून दुसऱ्याने धरावा. पोळ्याखाली आग करू नये. धूरदानीतून थोडा धूर देऊन माश्या मधाच्या भागावरून बाजूला साराव्यात. आग्या मोहोळात हा भाग फांदीला लागून, बहुधा एका टोकास, फुगीर असा दिसतो व त्यावरील घरे पांढऱ्या मेणाने बंद झालेली असतात. तेवढाच भाग स्वच्छ सुरीने कापून झाकणाच्या बादलीत घ्यावा. पिल्लांच्या भागास सुरी लावू नये. पोळे न पिळता त्यावरील मेणाचे पापुद्रे काढून मध आपोआप गळू द्यावा. माश्या पिल्लांवर परत बसतात, कापलेली बाजू पुन्हा बांधतात, आणि फुलोरा चालू असल्यास काही आठवड्यांनी त्याच पोळ्यातून दुसऱ्यांदा मध मिळतो.